एका खाटेची रुंदी

धाकटीने टेपचं टोक भिंतीच्या कोपऱ्यात दाबून धरलं आणि नवऱ्याला दुसरीकडून ओढायला सांगितलं. या आठवड्यातली ही तिसरी खेप. भिंत काही रबराची नव्हती, तरी आज वीतभर वाढली असेल अशी एक वेडी आशा होती खरी. एका भिंतीला सासूबाईंची खाट, समोरच्या भिंतीला तिच्या आईची येणार, आणि मधे वॉकर फिरेल एवढी वाट. आणखी एक खाट मावायची तर वॉकर तरी काढायला हवा, नाहीतर सासूबाई.

"मला काढा खुशाल," सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "पण ठेवाल कुठे?"

नवरा हसला. धाकटीला हसू आलं नाही. तिने टोक सोडलं तशी टेप सरसर आत गेली.

टेप अप्पांची, म्हणजे तिच्या वडिलांची. उभा जन्म त्यांनी सुतारकाम केलेलं. पडद्यांचं माप घ्यायचंय, अशी थाप मारून तिने ती आणली होती. "पडद्याला पोलादी टेप?" एवढंच त्यांनी विचारलं आणि खुंटीवरच्या पिशवीतून काढून दिली. निघता निघता दारातून तिने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "खाट साधारण केवढी हो असते रुंदीला?" अप्पांनी लगेच आकडा सांगितला. असल्या गोष्टी त्यांना झोपेतही सांगता आल्या असत्या.

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, येत्या दोन-तीन दिवसांत तिला घरी सोडणार होते. पण घरी म्हणजे कुठे? आई-अप्पांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दादाचं चौथ्या, आणि लिफ्ट दोन्हीकडे नाही. तळमजला एकट्या धाकटीचा.

"आईला तू ने, अप्पांना मी नेतो," दादा फोनवर म्हणाला होता. "त्यांना एकटं ठेवायचं नाही. परवा गॅस चालू ठेवून खाली पेपर आणायला गेले होते."

"अरे, पण या वयात दोघांना वेगळं करायचं?"

"दुसरं काही सुचत असेल तर सांग. मी करतो."

तिला सुचत नव्हतं. दादालाही नव्हतं, आणि त्याचा आवाज ऐकून तिला त्याच्यावर रागावताही येईना. तिच्या आणि दादाच्या घरांच्या मधे अख्खं शहर होतं. अप्पा चौथ्या मजल्यावर एकदा चढले की कधी उतरतील याचा भरवसा नव्हता. आई तर चढणारच नव्हती.

"अप्पांना सांगणार कोण?"

"तू सांग. तुझं ऐकतात ते."

काम अवघड असलं की अप्पा तिचं ऐकतात, हे दादाला लहानपणापासून ठाऊक होतं.

दुपारी ती हॉस्पिटलात गेली तेव्हा फिजिओथेरपीवाली मुलगी आईला चालवत होती. चार पावलांत आईचा चेहरा घामाने भिजला, पण तोंड सुरूच.

"घरी गेले की पलंगाला धरून चालेन मी," आई त्या मुलीला सांगत होती. "आमचा पलंग हलायचा नाही. हे एवढे नावाजलेले सुतार, लग्नानंतर खोलीतच बसून पलंग केला. झाल्यावर बघतात तर दारातून निघेना! पुढे किती चांगली चांगली घरं चालून आली, पण आम्ही तिथेच. पलंग सोडून जायचं कसं?"

"कापायचा मग," मुलगी हसून म्हणाली.

"अगंबाई, कापायचा? त्यांचा हात धजेल का?" आई कॉटवर टेकली. "सगळ्या कारागिरांनी चिडवलं त्यांना. मी तर अजून चिडवते."

मुलीने धाकटीकडे वळून विचारलं, "घरी जिने नाहीत ना?"

"नाहीत," धाकटी म्हणाली. आपल्या घरापुरतं ते खरंच होतं. आईला वाटलं, लेक आपला तिसरा मजला विसरली. ती धाकटीकडे बघत राहिली, आणि धाकटी पाण्याची बाटली भरायला बाहेर गेली.

संध्याकाळी ती अप्पांचा जिना चढत होती. पहिल्या मजल्यापर्यंत तिने वाक्य तयार केलं, दुसऱ्यावर त्यातलं 'सध्या' पुढे घेतलं, तिसऱ्यावर 'थोडेच दिवस' घातलं. थोडेच दिवस हे खोटं होतं, पण त्यावाचून वाक्य तोंडातून निघालं नसतं.

दार उघडंच होतं. उंबऱ्यापर्यंत लाकडाचा भुसा आला होता.

आतल्या खोलीत पलंग उभा चिरलेला होता. एकाच्या दोन अरुंद खाटा झाल्या होत्या. कापल्या बाजूला दोन्हींना दोन दोन नवे पाय बसवलेले. नवे कसले, अप्पांच्या कामाच्या टेबलाचे. त्या टेबलाची फळी बिनपायाची भिंतीला टेकून ठेवली होती. अप्पा जमिनीवर बसून कापलेली कड पॉलिशपेपरने घासत होते. कागद सरळ रेषेत चालला होता.

"आलीस? चहा टाक," ते म्हणाले. "मी गॅसला हात लावत नाही हल्ली. दादाची ताकीद आहे."

तिने साखर टाकून आधण ठेवलं आणि दारात येऊन उभी राहिली.

"अप्पा, पलंग कापलात?"

"दारातून निघत नव्हता ना. आता निघेल. हमालाला सांगून ठेवलंय. ही खिडकीकडची बाजू तिची, ती तुझ्याकडे जाईल. ही माझी, दादाकडे. तिला परक्या खाटेवर झोप येत नाही."

जिन्यात जुळवलेलं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. ती भुशातच खाली बसली.

"दादाने सांगितलं तुम्हाला?"

"तो कशाला सांगतोय? पडदे लावणारी बाई खाटेची रुंदी विचारत नाही." अप्पांनी कडेवरून अंगठा फिरवला. "आणि तू विचारलीस तीही एकाच खाटेची."

"मी परत परत मोजलं, अप्पा. खरंच बसत नाही हो."

"ठाऊक आहे मला. तुझ्या घरातलं कपाट मीच केलंय. ती खोली पाठ आहे मला."

"आईला अजून कोणी काही सांगितलं नाहीये."

"मी सांगेन. म्हणेन, इतकी वर्षं चिडवत होतीस, घे, चूक दुरुस्त केली."

धाकटीने कापलेल्या कडेवर हात ठेवला. लाकूड गुळगुळीत होतं, पण मधे मधे बोटं अडकत होती. कडेला ओळीने भोकं पाडलेली होती. तिने दुसरी खाट पाहिली. तिथेही तशीच, नेमकी समोरासमोर.

अप्पांनी शर्टाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून तिच्या हातावर ठेवली. आत लाकडाच्या छोट्या छोट्या खुंट्या होत्या, हाताने तासलेल्या.

"या ठोकल्या की पुन्हा एक होतो पलंग. जागा झालीच कुठे, तर." ते परत घासायला लागले. "तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे हल्ली वस्तू राहत नाहीत."

तिने मूठ मिटली. अप्पा एक कड संपवून दुसऱ्या खाटेच्या कडेला लागले. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला.

"गॅस," अप्पा म्हणाले.

आधण केव्हाच आटून गेलं होतं, भांडं कोरडं तापत होतं. धाकटीने उठून डाव्या हाताने गॅस बंद केला. उजवी मूठ तिला उघडवेना.