राधाबाईचं पिंप

गॅलरी रिकामी करायला मीच लावली. आठवडाभर एकेका दाराशी जाऊन भांडले. चपलांचे स्टँड, सायकल, जिन्याच्या तोंडाशी ठेवलेलं राधाबाईचं निळं पिंप, सगळं काल रात्री आत घ्यायला लावलं. राधाबाई म्हणाली, "वीस वर्षं तिथेच आहे, आत्ताच डोळ्यात खुपलं?" मी म्हटलं, माझा नवरा आपटला तर तुम्ही येणार का निस्तरायला?

काचबिंदूने ह्यांची नजर गेली त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून गॅलरीच्या टोकाला संडासला जायचं तर मी नाहीतर शेजारचं कोणी हाताला धरून नेणार आणि दार लोटून बाहेर उभं राहणार. आमचा विकास विरारला राहतो. त्याने साफ सांगितलं, "आई, तू कामावर असताना पप्पांना एकट्याने जाता आलं तर राहू देत इथे. कोणाला हाक मारायला लागली, तर मी घेऊन जाणार." ह्यांना लालबाग सोडायचं नव्हतं. तीन महिने अंधांच्या संस्थेची संघमित्रा दुपारी येऊन ह्यांना काठीने चालायला शिकवत होती. मी तेव्हा कामावर असायचे.

आज परीक्षा, विकास मुद्दाम बघायला आला होता. संघमित्रा अजून पोचली नव्हती, पण विकासला ऑफिसची घाई. हे निघाले.

चार दारं नीट गेली. मग काठी काहीतरी शोधत इकडेतिकडे फिरायला लागली आणि पाऊल डावीकडे वळलं. डावीकडे जिना. हाक मारली तर हे विरारला जाणार, नाही मारली तर खाली जाणार. तेवढ्यात जिन्यातून संघमित्रा वर आली. मोकळी गॅलरी बघून तिचा चेहराच उतरला. ती वरच्या पायरीवर हात पसरून उभी राहिली.

काठीचं टोक पायरीवरून खाली गेलं. हे जागच्या जागी थांबले.

"राधाबाई," हे म्हणाले, "तुमचं पिंप कुठे गेलं? ते लागलं की मी उजवीकडे सरकतो."

आई गं. कुठे गेली होती माझी अक्कल. "मी हलवायला लावलं हो," म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.

राधाबाईने आणि विकासने पिंप ओढत आणून जागेवर ठेवलं. हे पुन्हा आमच्या दारापासून निघाले. काठी पिंपावर वाजली, हे उजवीकडे सरकले आणि भिंतीच्या कडेने टोकापर्यंत गेले. विकास ऑफिसची वेळ विसरून बघत होता.

संडासाच्या दाराला आतून कडी लागली. दीड वर्षात पहिल्यांदा.