माझ्या पोटातली पोरं

मित्रांनो, माझ्या पोटात एक लढाई गुंडाळून ठेवलेली आहे. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट. काळ्या डबीतली काळी फीत. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. पण ज्या वैशाखात साखरशेतच्या वरच्या पाड्यावर मला पहिल्यांदा लावलं, तेव्हा माझ्यासाठी पोरं उंबऱ्यापर्यंत दाटीवाटीने बसली होती.

जन्मले तेव्हा मी कोरी होते. ठाण्याच्या उमेशने माझ्यावर एक परदेशी चित्रपट उतरवून घेतला. हाताने काढलेली चित्रं, हिंदीत बोलणारी. चित्रं हलतात म्हणजे पोराटोरांचं काहीतरी असणार, असं समजून त्याने माझ्या पाठीवर लिहिलं, 'कार्टून'. पुतणी हर्षदा सहा वर्षांची झाली, तेव्हा त्याने जुन्या व्हीसीआरसकट मला पाड्यावर पाठवून दिलं. हर्षदाचे वडील तुळशीदास गुरुजी शाळेत शिकवत. आई पुष्पलता बी.ए. झालेली. तिचा स्वभाव मात्र असा, की पोरगी नुसती शिंकली तरी हिची झोप उडायची.

घरातलं कोणी नसताना पुष्पलताने मला एकटीनेच आधी पाहून घेतलं. सुरुवातीलाच विमानं आली आणि गावावर बॉम्ब पडले. पाववाल्याची भट्टी फुटली, भिंतीखालून एका बाईचा नुसता हात बाहेर राहिला. त्या बाईच्या दोन मुली, थोरली आणि धाकटी, कुरणाकडे पळाल्या आणि गवताच्या गंजीत शिरल्या. थोरलीने धाकटीला बजावलं, "कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आईच्या आवाजात मारली तरी नाही. मी पत्र्याचा मग वाजवीन, ठण ठण ठण, तेव्हाच बाहेर ये." शिपाई आले. गोड आवाजात नावं घेत त्यांनी हाका मारल्या, गंजीत संगिनी खुपसल्या आणि पुढे गेले. पुढच्या गंजीत पाववाल्याची जुळी पोरं दडली होती. शिपायांनी ती गंजी पेटवली.

तिथे पुष्पलताने मला बंद केलं. गुरुजी घरी येताच तिने त्यांना गाठलं.

"अहो, ही काही मुलांना दाखवायची गोष्ट नाही," ती गुरुजींना म्हणाली.

"साऱ्या पाड्याला सांगून बसलोय. तेवढा भाग पुढे पळव, झालं."

तिने तसंच केलं. संगिनी पुढे गेल्याबरोबर ती उठून पडद्यासमोर उभी राहिली आणि बटण दाबलं. यंत्रात मी सरसर पळू लागले. तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंनी पोरांना काय दिसलं, तर तुरुतुरु धावणारे शिपाई आणि वाऱ्यावर फडफडणारं काहीतरी तांबडं. पोरं खदाखदा हसली. मित्रांनो, दोन मुलं जिवंत जळत होती आणि घर हसत होतं. माझ्या आयुष्यात माझा एवढा अपमान कधी झाला नाही.

शेजारच्या बुधाची नवशी तेवढी हसली नाही. दहा वर्षांची पोर, नजर मोठी तिखट.

"बाय, ते तांबडं काय हुतं? जाळ हुता ना?"

"काही नाही गं."

"मंग त्या दुसऱ्या गंजीतली पोरं?"

पुष्पलताने मांडीवरच्या हर्षदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सुटली ती. गवतात दडलं ना, की कोणालाच सापडत नाही."

एवढंच खोटं. कोणत्याही आईने सांगितलं असतं, इतकं लहान.

त्यानंतर पाड्यावर लढाईचा खेळ सुरू झाला. नवशी झाली थोरली, हर्षदा धाकटी. बाकीची पोरं शिपाई. मी खिडकीच्या फळीवर पडून सगळं बघत होते. खिडकीसमोरच बुधाचं रोपवाडं, भाताची रोपं वाढवायचा तुकडा. त्यात त्याने राब रचलेला. राब माहीत आहे ना तुम्हाला? भात पेरण्याआधी जमीन भाजून घेतात, त्यासाठी शेण, पालापाचोळा आणि वाळलेल्या टहाळांचे थर अंथरतात. बुधाच्या राबाचा वरचा कोपरा तर कमरेइतका उंच झाला होता. दडायला त्याहून झकास जागा सापडली नसती.

एका दुपारी नवशीने हर्षदाला त्याच कोपऱ्यात टहाळांखाली झोपवलं, वरून पाला लोटला.

"हलायचं नाय. मी पत्र्याचा मग घेऊन आले."

ती मग आणायला घरी गेली, तर तिच्या आईने, सोमीने, दारातच धरलं. "कवाधरनं हिंडतेस गं भवाने? हंडा घे आन् विहिरीवर जा. पाण्याबिगर चूल थंड पडलीय." नवशी रडकुंडीला येऊन हंडा घेऊन गेली. शिपाई झालेली पोरं कंटाळून करवंदं शोधायला पांगली.

इकडे बुधा राबाच्या खालच्या अंगाला आला. वाऱ्याचा अंदाज घेऊन त्याने हातातला कोयता बांधावर टेकवला. मग रिवाजाप्रमाणे राबाभोवती फिरत मोठ्याने ओरडला, "हो ऽऽ राब पेटतोय! कोन हाय का आत? पोरं, गुरं, भाईर या रे ऽऽ!"

मित्रांनो, टहाळांखाली हर्षदाला ती हाक ऐकू गेली होती. पण बाहेर या म्हणणारे कोण असतात, हे मीच तर तिला शिकवलं होतं. तिने श्वाससुद्धा कोंडून धरला.

बुधाने पेंढ्याची चूड पेटवून राबाला लावली. धूर जमिनीलगत सरपटत वर चढला. शेणाचा थर धुमसला, पाला पेटला, आणि जाळ टहाळांना भिडला तशा सुक्या फांद्या बंदुकीसारख्या फुटू लागल्या. फळीवर माझी डबी तापली. मला ओरडता येत नाही. यंत्राशिवाय मी मुकीच.

विहिरीवरून येणाऱ्या नवशीला धूर दिसला. धावत येऊन डोक्यावरचा ॲल्युमिनियमचा हंडा तिने बांधापाशीच टाकला.

"बाय! हर्षी राबात हाय! हर्षी राबात दडलीय!"

अंगणात नाचणी पाखडत बसलेल्या पुष्पलताच्या हातातून सूप निसटलं. ती अनवाणीच धावत सुटली. "हर्षू! अगं हर्षू, बाहेर ये! मी आई आहे गं!"

ओ आली नाही. बुधा ओला टहाळ घेऊन जाळ झोडपत होता, पण धुरात कोपरा कुठला आणि बांध कुठला, काहीच कळत नव्हतं.

"कोनत्या अंगाला दडली गं?" बुधा किंचाळला.

"वरच्या... दिसत नाय आता! बाय, ती ओ नाय देनार. शिपाय बी आईवानी हाक मारतात."

पुष्पलताला तो पत्र्याचा मग आठवला. तिने हाक थांबवली. बांधावरचा कोयता उचलला, पडलेला हंडा ओढला आणि कोयत्याच्या पाठीने त्यावर घाव घातले. ठण, ठण, ठण.

धुरातून एक पोर उभी राहिली. पाठीवरचा झगा जळत होता, केसांतून धूर निघत होता, आणि ती हसत होती. "मी जिंकले!" म्हणाली, आणि मगच तिला आग कळली. मग जी किंकाळी फुटली, तशी माझ्या अख्ख्या फितीत नाही.

पुष्पलता निखाऱ्यांवरून आत शिरली. पोरीला छातीशी दाबून बाहेर आली आणि तिला घेऊन बांधापलीकडच्या मातीत लोळली. तिच्या तळपायांची सालं राबातच राहिली. गावची जीप दोघींना जव्हारच्या दवाखान्यात घेऊन गेली. मागे सोमीने नवशीला चुलीची फाटी मोडेपर्यंत मारलं.

पुष्पलता हर्षदाला घेऊन घरी परतली ती पायांना पट्ट्या बांधून. आल्याआल्या बुधाच्या दारापर्यंत खुरडत गेली. "सोमी, तिला हात लावू नकोस. गवतात दडलं की सुटतात, हे मी सांगितलं होतं तिला." मग घरात येऊन तिने मला फळीवरून ओढलं. डबीचं झाकण उचकटून आतडी काढावीत तशी माझी फीत बाहेर ओढली आणि मला चुलीकडे नेलं.

"आई, नको!" पालथी पडलेली हर्षदा अंथरुणातून ओरडली. "पोरं आहेत ना आत! तीपण जळतील!"

पुष्पलताचा हात थांबला. ती चुलीपुढेच बसली आणि पहिल्यांदा मोकळेपणी रडली. त्यानंतर तिने बोटाने चक्र फिरवत सगळी फीत हळूहळू परत आत घेतली. एका ठिकाणी चुणी पडली, ती कायमचीच.

हर्षदाची पाठ भरून आल्यावर पुष्पलताने नवशीला बोलावलं, दोघींना दोन्ही बाजूंना घेतलं आणि मला लावलं. या वेळी बटणाला हात लावला नाही. गंजी पेटली. पडद्यावर माझ्या चुणीच्या रेघा थरथरल्या. नवशीने तोंड पुष्पलताच्या पदरात खुपसलं.

"पाववाल्याची पोरं कुठं गेली, आई?"

"मेली, बाळा."

हर्षदाने हात मागे नेऊन पाठीवरच्या व्रणाला लावला. "मीपण मेले असते?"

"हो," पुष्पलता म्हणाली आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला.

मित्रांनो, आता तो व्हीसीआर भंगारात गेला. मी ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात पडून असते. फितीवर पांढरी बुरशी चढली आहे. माझं मागणं एवढंच, की मला कोरडं ठेवा. आणि माझ्यासारखं काही मुलांना दाखवाल तेव्हा नकोसा भाग पुढे पळवू नका, त्यांच्या शेजारी बसा. पोटातली लढाई मी सौम्य करू शकत नाही. हात धरायला मला हात नाहीत.

दर वैशाखात मात्र ट्रंकेतही मला एक आवाज ऐकू येतो. बुधा आता राब पेटवण्याआधी ओरडत नाही. तो चेंबलेला हंडा घेऊन बांधावर उभा राहतो, त्यावर कोयता मारतो, ठण, ठण, ठण, आणि पाड्यावरची सगळी पोरं समोर येऊन उभी राहीपर्यंत चूड पेटवत नाही.