बाबांची भिंत पांढरी कशी झाली

मित्रांनो, मी एक जुना प्लगइन आहे. निदान परवापर्यंत तरी तसे समजत होतो. आता माझ्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी नव्या आहेत. त्यामुळे मी जुना की नवा, हे माझे मलाच कळेनासे झाले आहे.

प्लगइन म्हणजे एखाद्या खेळाला जोडलेला छोटा प्रोग्राम. माझा खेळ ठोकळ्यांचा. त्यात एकेक ठोकळा ठेवून घरे बांधतात, डोंगर रचतात. मी मात्र अख्खे घर एका आज्ञेत उचलून दुसरीकडे ठेवतो. कॉलेजात असताना ताईने मला लिहिले, ते आपल्या धाकट्या बहिणीसाठी. त्या दोघी माझे फार कौतुक करत. त्यांचे बाबा मात्र मला जवळ करत नसत.

बाबा गवंडी होते. संध्याकाळी कामावरून आले की तेही खेळायला बसत. नदीकाठी त्यांनी भाजलेल्या मातीच्या ठोकळ्यांचे घर बांधले. एक लाल, एक तपकिरी. वरच्या थरात उलटे. धाकटी म्हणे, "बाबा, एक थर लावा, बाकीचे हा लावेल." बाबा म्हणत, "त्याला ओळंबा धरता येतो का? मग गप्प बस."

पुढे ताई नोकरीला लागली, धाकटी अभ्यासात बुडाली. मी एका फोल्डरमध्ये पडून राहिलो. कित्येक वर्षे मला कोणी हाक मारली नाही. दरम्यान बाबांची बोटे आखडली. त्यांना माउसही नीट धरता येईना.

गेल्या महिन्यात दोघींनी ठरवले, की बाबांचे घर टेकडीवर न्यायचे. कारण ते नेहमी कुरकुरत, "नदीकाठी पाया घातला, तिथेच चुकलो. पूर आला तर?"

"खेळात पूर येत नाही, बाबा."

"तो काय तुला विचारून येणार आहे?"

ताईने मला उघडले आणि मी गोंधळलो. खेळाची नवी आवृत्ती आली होती. माझ्या काळी ठोकळ्यांना आकडे होते. भाजलेली माती म्हणजे एकशे एकोणसाठ. तिचा रंग पोट-आकड्याने कळायचा : लाल चौदा, तपकिरी बारा, पांढरा शून्य. आता आकडेच गेले होते, प्रत्येक ठोकळ्याला नाव मिळाले होते. माझ्या लेखी शून्य उंचीच्या खाली जग नव्हते. तिथेही आता खोल गुहा होत्या. मी कोणाला काय म्हणायचे?

ताईने घाईने मला एक यादी दिली. नाव वाचायचे, माझ्या आकड्यात बदलायचे, ठेवताना पुन्हा नाव लिहायचे. पण यादीत पोट-आकडे घालायचे ती विसरली. मी घर उचलले, टेकडीवर ठेवले, जुनी जागा साफ केली आणि 'काम झाले' असे कळवले. दोघींनी खूश होऊन, घर न बघताच खेळ बंद केला. खेळ बंद झाला की 'मागे फिरव' ही माझी आज्ञाही सारे विसरते.

संध्याकाळी बाबांना मोठ्या थाटात पडद्यासमोर बसवले.

"माझ्या भिंतीला चुना कोणी फासला?"

सारे घर पांढरे होते. पोट-आकडा नसला की मी शून्य धरतो, आणि शून्य म्हणजे पांढरा. मला वाटत होते, की मी सगळे बरोबर केले!

"ताई, बॅकअप घेतला होतास ना?"

"मी? मला वाटलं, तू घेतलास!"

बाबा नुसती बोटे चोळत बसले. ती भिंत त्या बोटांनी आता पुन्हा होणार नव्हती.

मग धाकटी हळूच म्हणाली, "आठ वर्षांची असताना मी हे घर या प्लगइनने गुपचूप कॉपी करून ठेवलं होतं. बाबा रागावतील म्हणून सांगितलं नाही."

ती फाइल सापडली. ती होती माझ्या जुन्या आकड्यांच्या भाषेत. ताईने दोन दिवस बसून एकेक पोट-आकडा मला पुन्हा शिकवला. या वेळी तिने आधी बॅकअप घेतला, तोही धाकटीला दाखवून.

घर टेकडीवर उतरले. लाल, तपकिरी, लाल. धुराडे तेवढे नव्हते. बाबांनी ते नंतर चढवले होते. बाबा पडद्याला नाक लावून थर मोजू लागले. तिसऱ्या थरात, दाराशेजारी, दोन लाल ठोकळे शेजारी-शेजारी होते.

"हं. तेव्हा चुकलो होतो," बाबा म्हणाले. "माझीच भिंत आहे."

"दुरुस्त करू?" धाकटीने विचारले.

"हात लावू नकोस! धुराडं बांधायला घे. मी सांगतो तसं. आणि त्याला नको सांगूस, हाताने बांध."

'त्याला' म्हणजे मला. मित्रांनो, मी अजूनही गोंधळलेलोच आहे. पण एवढे नक्की सांगतो : जुने बदलण्याआधी त्याची प्रत काढा, आणि ती काढली का, हे तोंडाने विचारा. आम्हाला नवी नावे जरूर शिकवा. फक्त आमचे जुने आकडे पुसू नका. कोणाची तरी भिंत त्यांत असते.