खांबकाकांनी पाहिलेला थरथरता सिनेमा

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा उभा करायची तीन पायांची घोडी म्हणा हवे तर. माझे पाय ॲल्युमिनियमचे, तळाला रबराचे बूट, आणि मानेजवळ काचेच्या छोट्या डबीत हिरवट पाणी. त्या पाण्यात एक बुडबुडा आहे. मी तिरपा उभा राहिलो की तो कडेला पळतो, सरळ झालो की मधोमध येऊन बसतो. त्याला खोटे बोलता येत नाही.

कारखान्यातून निघण्याआधी तपासणाऱ्या बाईंनी माझ्या डोक्यावर पाच किलोचे वजन ठेवले, पायाला टिचकी मारली आणि माझी थरथर थांबायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजले. दोन सेकंदांच्या आत मी शांत झालो. बाई म्हणाल्या, चांगला आहे, जाऊ द्या. एवढ्या शाबासकीवर मी पुढची बावीस वर्षे काढली.

ती वर्षे मी एकाच माणसाजवळ काढली. लग्न असो, शाळेतले नाटक असो की कुणाचा निरोपसमारंभ, तिथे व्हिडिओ काढणे हा त्यांचा धंदा होता. काम करताना ते इतके निश्चल उभे राहत, की लोक त्यांना खांबकाका म्हणत. एकदा एका पाहुण्याने खरोखरच त्यांच्या खांद्यावर कोट अडकवला होता म्हणे. काका हलले नाहीत; समोर आजीबाई नातीचा मुका घेत होत्या. चित्र हलले की बघणाऱ्याला कॅमेरा आठवतो आणि माणूस विसरतो, असे ते सांगत. हे ऐकताना माझी मान ताठ होई. त्यांच्या त्या विद्येत निम्मा वाटा माझा होता ना!

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. मी ते सगळ्यांच्या आधी ओळखले, कारण तो हात कॅमेरा वळवायच्या माझ्या दांड्यावर असे. मांडीवर ठेवला की हात शांत असायचा. काही धरायला गेला की सेकंदाला सहा-सात वेळा हलायचा. बारीक, पण न थांबणारा. काकांनी डोळ्यांचे निमित्त सांगून काम सोडले. घरात ते हात खिशात ठेवू लागले आणि चहाचा कप अर्धाच भरून मागू लागले. हाताबद्दल कुणी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. मला दाराजवळच्या कोपऱ्यात उभे केले. माझ्या एका पायावर छत्री आली, दुसऱ्यावर पिशवी, डोक्यावर काकूंचा स्कार्फ. तीन वर्षे माझा बुडबुडा कडेला टेकून होता.

काकांची धाकटी मुलगी मात्र कॅमेरा शिकली, आणि तिला पहिला सिनेमा मिळाला. भुताचा. त्याची तऱ्हा अशी, की चार मित्र एका ओसाड इमारतीत जाऊन बेपत्ता होतात, पुढे त्यांचा कॅमेरा सापडतो, आणि त्यांनी पळता-पळता जे टिपले तेच आपल्याला दाखवले जाते. म्हणजे सगळे चित्रण हातात कॅमेरा धरून, हलते. ज्या सिनेमात ट्रायपॉड दिसला तर सिनेमाच खोटा ठरतो, असा सिनेमा आमच्या घरातली मुलगी करणार! मित्रांनो, मला फार लागले.

सिनेमा प्रदर्शित व्हायच्या आधी निवडक प्रेक्षकांसाठी एका रविवारी दुपारचा खेळ ठेवला होता. अजून दहा दिवस दुरुस्त्या करता येणार होत्या. धाकटीने आईबाबांनाही बोलावले, आणि संध्याकाळी तिघे घरी आले तेव्हा तिचा चेहरा परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या मुलीसारखा होता.

काकूंचे मत चपला काढता-काढताच मिळाले. "मी बहुतेक सगळा डोळे मिटून पाहिला. छान आहे हो."

काका खुर्चीत बसले. हात खिशात. धाकटी समोर उभीच राहिली. बराच वेळ ते शेजारच्या प्रेक्षकाबद्दल बोलले. भूत आले की तो गृहस्थ काकांचाच गुडघा धरत होता. मग त्या पडक्या जिन्याची त्यांनी स्तुती केली. शेवटी धाकटीनेच विचारले, "बाबा, कॅमेरा कसा वाटला?"

"खोटा," काका म्हणाले.

काकू स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

"पूर्वार्धात तू कॅमेरा हलवतेस, पोरी. चाळणीनं पीठ चाळावं तसा. घाबरलेला माणूस हात हलवत नाही. तो जिवाच्या करारानं धरून ठेवतो, आणि तरी हात हलतो. शेवटचं दृश्य मात्र खरं आहे. ती मुलगी कोपऱ्यात उभी राहून दाराकडे कॅमेरा धरते ना, ते. तिथे मला घाम फुटला. ते कसं जमलं तुला?"

खाली बघत धाकटी म्हणाली, "तिथे मी तुमचा हात आठवत होते. चहाच्या वेळी रोज बघायचे, तुम्हाला कळणार नाही असं. मला वाटलं, तुम्ही ओळखाल आणि म्हणाल, हिनं माझ्या दुखण्याचा तमाशा केला."

खोलीत कुणी हलेना. मला न हलता उभे राहायला तीन पाय आहेत. त्या तिघांना कसे जमत होते कोण जाणे.

काकांनी खिशातून हात बाहेर काढला. "मग चोरून कशाला बघितलास? समोर बसून बघ."

आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. छत्री, पिशवी, स्कार्फ उतरले. काकांनी माझे पाय स्वतः उघडले, मला खुर्चीसमोर उभे केले आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत एकेक पाय सारखा केला. धाकटीचा कॅमेरा माझ्या डोक्यावर बसवताना खालचा स्क्रू त्यांच्या बोटांतून तीनदा निसटला. तिने मदतीला हात पुढे केला, तशी काकूंनी मागून तिचा दंड धरला. चौथ्या खेपेला स्क्रू लागला.

मग ते आपला जुना कॅमेरा हातात घेऊन समोर बसले, आणि धाकटीने त्यांच्या हाताचे चित्रण सुरू केले. "नीट बघ," ते म्हणाले. "हलवत नाहीये मी. थांबवतोय."

मित्रांनो, त्या संध्याकाळी मला माझे काम पहिल्यांदा नीट उमगले. मी जरासा जरी हललो असतो, तर कोणती थरथर हाताची आणि कोणती माझी, हे सांगता आले नसते. मी श्वास रोखून उभा राहिलो. (ट्रायपॉडला श्वास नसतो, हे मला माहीत आहे.)

पुढच्या आठवड्यात धाकटीने तीन दृश्ये पुन्हा चित्रित केली. मनगटाला वाळूची पिशवी बांधून अर्धा तास कॅमेरा धरायचा, हात भरून आला की मगच चित्रण सुरू करायचे आणि तो हलू द्यायचा नाही, ही युक्ती काकांची. सिनेमा चालला की पडला ते मला ठाऊक नाही, मला कुणी नेले नाही. घरात मात्र चहाचा कप आता काठोकाठ भरतो. सांडला तर काकू फडके पुढे करतात आणि बोलत राहतात.

म्हणून सांगतो, तुमच्या घरात कुणाचा हात थरथरत असेल, तर त्यातली वस्तू घाईने काढून घेऊ नका. नजरही चोरू नका. स्क्रू लागायला जितका वेळ लागेल तितका वेळ समोर उभे राहा, आणि तेवढा वेळ मात्र न हलता.