लाल फुलीच्या जागी

सोनाळ्यात पंजाबरावांच्या कृषी केंद्रात कॉम्प्युटर आला, तेव्हा अर्धं गाव तो बघायला येऊन गेलं आणि हिरमुसलं होऊन परतलं. करड्या चौकटी, वर निळी पट्टी, आत मुंग्यांएवढी इंग्रजी अक्षरं. पैसे मोजून ही शोभा आणली म्हणून लोकांनी पंजाबरावांची यथेच्छ टिंगल केली.

त्या करड्या रंगाला सगळ्यांत जास्त वैतागली होती यास्मीन, कारण तिला दिवसभर त्याच्याच समोर बसायचं होतं. रज्जाक गादीवाल्याची ही मुलगी गाद्यांच्या रंगीत खोळींच्या ढिगाऱ्यात वाढलेली. जळगाव जामोदला जाऊन तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि पंजाबरावांनी तिला बिलं काढायला ठेवलं होतं. काउंटरवर शालिग्राम. तो वयानं मोठा, स्वभावानं गरीब, आणि इंग्रजीच्या नावानं शून्य.

बिलाच्या प्रोग्राममध्ये एक सोय होती. गिऱ्हाइकानं फवाऱ्याच्या दोन दवाया मागितल्या की त्यांचे नंबर टाकायचे. त्या एकत्र करणं धोक्याचं असेल तर पडद्यावर मधोमध चौकट यायची, तिच्यात लालभडक फुली आणि शेजारी इंग्रजीत मजकूर. धोका नसेल तर सरळ बिल निघायचं. या सोयीची तेव्हा फार गरज होती. बीटी कपाशी आली तशी फवाऱ्याची कटकट संपली असं लोकांना वाटलं होतं. बोंडअळी हटली खरी, पण पऱ्हाटीवर, कपाशीच्या झाडांवर, पांढरा पिठ्या ढेकूण चढला, आणि माणसं जीव खाऊन एकाच पंपात दोन-दोन दवाया ओतायला लागली.

यास्मीन जेवायला घरी गेली की मशीन शालिग्रामच्या ताब्यात. त्याला तिनंच शिकवलं होतं. "काका, कपाटावरचे नंबर टाकाचे. लाल फुली आली तं देवाचं नाही. माणूस कितीबी भांडू द्या, देवाचंच नाही."

"लाल म्हंजे नाही," शालिग्राम म्हणाला होता. "एवढं तं बैलालेबी समजते, पोरी."

आणि त्यानं ते पाळलं. एकदा खुद्द पंजाबरावांच्या साडूला त्यानं दवाई दिली नाही. फुली आली म्हणजे आली.

मग जळगाव जामोदच्या नेट कॅफेवाल्या नौमाननं, यास्मीनच्या आतेभावानं, तिला एक सीडी दिली. कॉम्प्युटरचं रंगरूप बदलायचं सॉफ्टवेअर होतं ते. नौमान त्याला स्किन म्हणायचा. आतलं काम तेच, वरचं सोंग आपल्या मनासारखं. यास्मीन त्यात बुडालीच. दुपारी दुकान सामसूम झालं की ती रंग कालवत बसायची. पट्ट्या पोपटी केल्या, बटणं गोल केली, मागं डवरलेल्या कपाशीचा फोटो लावला. पेंट नावाच्या प्रोग्राममध्ये तिनं स्वतःच्या हातानं एक फुटलेलं बोंड काढलं, पांढरंशुभ्र, खाली हिरवी पानं. सॉफ्टवेअर एकेका चिन्हाचं चित्र मागत गेलं आणि ती बोंड देत गेली. फायलींना बोंड, कचऱ्याच्या डब्याला बोंड. शेवटी फुली आली. त्या हिरव्यागार पडद्यात ती लाल फुली तिला इतकी ओंगळ दिसली की तिनं तिथंही बोंड बसवलं. मजकूर तर शेजारी आहेच, आपण वाचतोच, असा तिचा विचार. वाचणारं माणूस नेहमी स्वतःपुरताच विचार करतं, त्यातलीच ही गत.

दुकानाची कळाच पालटली. पंजाबरावांनी पडदा गिऱ्हाइकांकडे वळवून ठेवला. "पाहा, आपलं मशीनबी बीटी झालं," ते येईल त्याला सांगायचे. बाया लेकरांना घेऊन बघायला यायला लागल्या.

शालिग्रामनं मात्र पडद्याकडे बराच वेळ बघून विचारलं, "पोरी, आता हे बोंड आलं तं काय समजाचं?"

तिच्या डोक्यात पट्टीची पोपटी छटा घोळत होती. "चांगलंच समजा नं, काका," ती हसून म्हणाली. "आपला धंदाच कापसाचा हाय."

तोही हसला.

पुढच्या आठवड्यात यास्मीन मामेबहीण शाइस्ताच्या लग्नाला गेली. परत आली तेव्हा हातावर मेंदी होती आणि डोक्यात नव्या स्किनचे बेत. दुकानात पाऊल टाकताच शालिग्राम खुशीत सांगायला लागला. "काल आपला उकंड्या आलता. त्याच्या पऱ्हाटीले लय ढेकण्या लागला. दोन्ही नंबर टाकले म्या. कसं छान बोंड आलं पाय, एकदम मोठं, मधोमध! देऊन टाकल्या दोन्ही बाटल्या."

उकंडराव म्हणजे त्याचा धाकटा सख्खा भाऊ.

"कोनते नंबर, काका?" यास्मीननं विचारलं, आणि ती थेट मशीनपुढं बसली. त्यानं सांगितले तसे तिनं ते टाकले. बोंड आलं. तिच्या हातचं, पांढरंशुभ्र. शेजारी इंग्रजीत लिहिलेलं होतं की ही औषधं कोणत्याही परिस्थितीत एकत्र करू नयेत, श्वासातून विषबाधा होते.

"फवारा मारला काय त्यायनं?"

"आज मारून राह्यला. काऊन?"

"काका, गाडी काढा. ते दोन्ही मिळवाचे नसतात. चाला लवकर!"

"मंग फुली काऊन नाही आली?"

दोघं दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्याच वेळी एक वाक्य बोलायचं होतं. ती म्हणाली, "आधी गाडी काढा."

उकंडरावाचं वावर सातपुड्याच्या अंगाला होतं. वारा डोंगराकडून येत होता आणि फवाऱ्याचा सगळा उग्र दर्प बांधापर्यंत पोचला होता. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, त्यामुळे माणूस दिसेना. पंपाचा आवाजही नाही. शालिग्राम हाका मारत पऱ्हाटीच्या ओळींत शिरला. यास्मीन बांधावरच थबकली, आणि आपण आत का जात नाही हे तिचं तिलाच कळेना. मग शालिग्रामची हाक बदलली. ती हाक ऐकून शेजारच्या वावरातली माणसं हातातलं टाकून धावत आली.

उकंडराव पंप पाठीवर असतानाच कोसळला होता. तोंडाला फेस, सगळं अंग घामानं थबथबलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक. जळगाव जामोदच्या दवाखान्यात नेला तेव्हा श्वास चालू होता. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते केलं. दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत तो गेला.

पंजाबराव मयतीला खांदा देऊन आले, आंघोळ केली आणि थेट दुकानात आले. त्यांनी यास्मीनला बोलावून घेतलं. आवाज अगदी हळू होता.

"कृषीचे साहेब येतीन आता चौकशीले. ते बोंडं-फिंडं काढून टाक. पयले जसं होतं तसं कर."

"भाऊ, पन शालिग्राम काकाले तं बोंडच..."

"मले काही सांगू नको." ते खुर्चीत बसले. "दुकान बंद झालं तं तूबी घरी अन् शालिग्रामबी घरी. अन् बोंड कोनं काढलं, असं इचारलं तं म्या कोनाचं नाव सांगू? रज्जाकभाईले काय वाटन? सांग."

तिनं माऊस हातात घेतला. मेंदी अजून लालच होती. एवढे दिवस खपून सजवलेलं ते रूप घालवायला दोनदा क्लिक करणं पुरलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि करड्या चौकटी, निळी पट्टी, सगळं मुकाट्यानं जागेवर येऊन बसलं. तिनं ते दोन नंबर टाकून पाहिले. लाल फुली आली. मागं कुठं पोपटी रंगाचा ठिपकासुद्धा उरला नव्हता. यास्मीनला त्या स्वच्छ पडद्याची भीती वाटली.

साहेब आले तेव्हा उकंडरावाचा दहावा नुकताच झाला होता. शालिग्रामचं डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले, अंगातला सदरा एकदम ढगळ झालेला. साहेबांनी त्याच्याच हातानं नंबर टाकायला लावले. फुली आली.

"हे दिसलं होतं का तुम्हाला?"

शालिग्राम पडद्याकडे बघतच राहिला. "नाही, साहेब. कापसाचं बोंड आलतं."

"बोंड?"

"हाव. मोठं, पांढरं. अख्ख्या गावानं पाह्यलं हाय, साहेब. सगळं मशीनच हिरवं होतं."

"मागं कपाशीचा फोटो होता साहेब, शोभेचा," पंजाबराव पटकन म्हणाले. "त्याच्या डोक्यात तेच बसलं. सख्खा भाऊ गेला, मानसाचं मन ठिकानावर राह्यते काय?"

साहेब यास्मीनकडे वळले. "तुम्ही बसता ना इथं? या चौकटीत फुलीऐवजी बोंड येतं का कधी?"

शालिग्रामनंही तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, राग नव्हता. भरवसा होता. आता पोरगी खरं काय ते सांगेल आणि आपली सुटका होईल, एवढा साधा भरवसा.

"नाही," यास्मीन म्हणाली.

तिला वाटलं, आता तो ओरडेल, तिला खोटारडी म्हणेल, तिनं केलेला विनोद साहेबांना शब्दन् शब्द ऐकवेल. त्यानं यातलं काही केलं नाही. तो पुन्हा फुलीकडे बघायला लागला. मग त्यानं हात पुढे केला आणि पडद्यावरच्या त्या लाल रंगाला बोट लावून पाहिलं.

"मंग हेच आलं असन," तो म्हणाला. "पोरगी कायले खोटं बोलन? तिनंच तं शिकवलं मले. मलेच दिसलं नाही. म्याच मारला माह्या भावाले."

साहेबांनी लिहून घेतलं आणि ते गेले. पंजाबरावांनी चहा सांगितला. शालिग्राम चहाला थांबला नाही. पायरीवरून उतरता उतरता तो वळला आणि यास्मीनपुढं हात जोडून म्हणाला, "पोरी, येतं काय माह्यासंगं? उकंड्याच्या बायकोले तूच सांग. लोकं तिले सांगून राह्यले, भावानं वावरासाठी मुद्दाम जहर देल्लं. तुह्यं ऐकन ते."

ती गेली. नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

तानाबाई ओसरीवर बसली होती. कपाळ रिकामं, मांडीवर धाकटी लेक झोपलेली. तिनं थोरल्या दिराकडे पाहिलंही नाही. यास्मीनलाच विचारलं, "फुली आलती काय?"

शालिग्राम अंगणात खाली मान घालून उभा होता. यास्मीनला त्याच्या भादरलेल्या डोक्यावरचे नवे खुंट दिसत होते.

"आलती, काकू," ती म्हणाली. "पन काकाच्या ध्यानात नाही आली. त्यायनं मुद्दाम नाही देल्लं."

"आलती," तानाबाई म्हणाली. तिनं लेकीला उचललं, घरात गेली आणि आतून कडी लावली.

शालिग्रामनं बंद दाराकडे पाहिलं आणि कृतज्ञतेनं यास्मीनच्या डोक्यावर हात ठेवला.