रंध्याचं पाणी

लंकाबाईनं पातेल्यावरचं झाकण उचललं, पळीत डाळ घेऊन बोटानं दाबून पाहिली आणि झाकण हातात धरून ती तशीच उभी राहिली. डाळ शिजून पार लोणी झाली होती. आणि अजून दहासुद्धा वाजले नव्हते.

दोनदा तिनं सहलीच्या एस.टी.च्या ड्रायव्हरला वेळ विचारली. तो गाडीच्या सावलीत आडवा झाला होता.

"मावशी, घड्याळ चालू हाय माजं," तो वैतागून म्हणाला आणि तोंडावर टोपी ओढून परत घोरायला लागला.

नगरच्या आडाच्या पाण्यात तुरीची डाळ दोन-दोन तास रडवायची. सोडा टाका, जाळ लावा, तिचा ताठा काही जायचा नाही. म्हणून शाळेच्या सहलीत मुलांची पाठ वळली रे वळली, की लंकाबाई आधण ठेवायची आणि मुलं परत येईपर्यंत चुलीपुढून हलायची नाही. बारा वर्षांत बारा सहली झाल्या. वेरूळ झालं, पैठण झालं, शिवनेरी झाला. त्या सगळ्या ठिकाणचं सरपण, पाणी आणि चुलीचे तीन दगड तिनं पाहिले. बाकी काही म्हणजे काही पाहिलं नाही.

ही गोष्ट तिनं नवऱ्याला मात्र कधी सांगितली नव्हती. कचरू दाळमंडईत हमाल होता. तेरा वर्षांपूर्वी पाठीवर पोतं असताना त्याचा पाय घसरला आणि कंबर कायमची गेली. तेव्हापासून तो सावेडीच्या खोलीत खाटेवर होता. ती सहलीहून आली, की "काय काय पायलंस?" हा त्याचा पहिला प्रश्न. मग सहलीत मुलं जेवताना जे बोलायची ते सगळं ती मीठमसाला लावून सांगायची. हत्ती किती, खांब किती, पायऱ्या किती. कचरू डोळे मिटून ऐकायचा. खोटं सांगताना तिला लाज वाटायची, पण रिकाम्या हातानं त्याच्यापुढे जाऊन बसणं तिच्यानं होत नव्हतं.

एकाहत्तर सालची दिवाळी झाली आणि सहल भंडारदऱ्याच्या रानात आली. मुलांनी काल धरण पाहिलं, रंध्याचा धबधबा पाहिला. लंकाबाई तेव्हा दीडशे भाकरी थापत होती. "मावशी, दुधासारखा दिसतो!" असं पाच-सहा मुली सांगून गेल्या. कचरूसाठी तिनं ते लक्षात ठेवलं. कालपासून धबधबा झाडांमागे गर्जत होता. आज मुलं सरांबरोबर रान फिरायला गेली होती, ती एक वाजता येणार होती.

"या पान्यात डाळ कुटं थांबती व्हय? मला इचारायचं हुतंस," बनुबाई म्हणाली. ती जवळच्या वाडीतली. सकाळी सरपणाची मोळी घेऊन आली होती आणि आता हिरडे निवडत बसली होती.

"मंग आता काय करू?"

"भात बाराला टाक. तवर जा, रंधा बघून ये. ह्यो काय, झाडामागं हाय."

लंकाबाईनं वर पाहिलं. फांदीवर चार वानरं बसली होती. मागे एका सहलीत वानरांनी भाताचं पातेलं उलथलं होतं आणि 'पुन्हा असं झालं तर दुसरी बाई बघू,' असं सर सगळ्यांसमोर म्हणाले होते.

"न्हाई बाई. पातेलं सांडलं तर सत्तर पोरं उपाशी ऱ्हातील. माजं कामबी जाईल."

बनुबाईनं काठी घेतली आणि पातेल्याशेजारी फतकल मारून बसली.

"माजा आख्खा जलम वानरं हाकन्यात गेला. ऊठ तू."

लंकाबाई उठली. दहा पावलं जाऊन तिनं मागे पाहिलं, अजून दहा जाऊन पाहिलं. मग झाडी संपली.

दूधबीध काही नव्हतं. पाणी होतं. एवढं पाणी, की आडावर हंडा घेऊन उभं राहण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं ते सगळं तिला खोटं वाटायला लागलं. ते कोसळत होतं आणि खालून त्याचे तुषार वर येत होते. तिचा चेहरा भिजला, पदर भिजला. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून ती मोठ्यानं रडली. "तुमाला आनायला पायजे हुतं वो," ती म्हणाली, पण त्या आवाजात ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

ती परत आली तेव्हा डाळ जागच्या जागी होती. बनुबाईला तिनं पहिलं ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी निघताना दुधाची मोकळी किटली रंध्याच्या नदीवर भरून घेतली.

दिवेलागणीला ती घरी पोचली. कचरूनं विचारलं, "काय काय पायलंस?"

"रंधा," ती म्हणाली. "लई पानी..." पुढे काही सुचेना. ती नुसतीच खाटेच्या कडेला बसून राहिली.

कचरूनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "या टायमाला खरंच पायलंस जनू."

"म्हंजी? तुमाला ठावं हुतं?"

"दर साली धुराचा वास घिऊन यायचीस. दिसभर चुलीम्होरं बसलेली बाई लेनी कवा बघंल?"

"मंग बोल्ला का न्हाई?"

"तू सांगायचीस, ते ग्वाड लागायचं."

लंकाबाईनं पदरानं डोळे पुसले, चूल पेटवली, किटलीतलं पाणी पातेल्यात ओतलं आणि दोन मुठी डाळ टाकली. थोड्या वेळानं आधणाला उकळी फुटली. कचरू कान देऊन ऐकत होता.

"आसाच का गं आवाज?"

"न्हाई, लई मोठा," ती म्हणाली आणि तिनं आणखी दोन लाकडं आत सारली.