डॉक्टरांचा शनिवार

“दीडशे पानं झाली, पण या पुस्तकात अजून एकही माणूस जेवायला बसलेला नाही,” आझिल्दा किसणीवर बटाटा घासत पुटपुटली. “सगळे नुसते खिडकीतून समुद्र बघतायत. समुद्र बघून पोट भरतं का गं?”

“त्यांच्याकडे स्वयंपाकाला बाई आहे. त्यांना काय कळणार?”

“मग त्या बाईला तरी बसव म्हणावं जेवायला. वाच पुढे.”

दर गुरुवारी दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात बसून वाचते, आणि ती हातातलं काम करत ऐकते. आझिल्दाला अक्षरओळख नाही. माझीही शाळा सहावीपर्यंतच. मग मासळीच्या कारखान्यात हेरिंग साफ करायला लागले. पुढे चर्चच्या तळघरातल्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे आली, आणि एकेक कपाट संपवत जेवढं शिकता आलं तेवढं शिकले.

पुस्तक डॉक्टर ओनेझीम लांतेन यांचं. आमच्याच किनाऱ्यावरच्या कोळ्याचा मुलगा, नन्सच्या इस्पितळात सर्जन, आणि फ्रेंचमधून कादंबऱ्या लिहिणारा. ज्या भाषेत आम्ही भांडतो, कोंबड्या हाकलतो, जिला कारखान्याचा इंग्रज मॅनेजर तोंडावर हसायचा, त्या भाषेतली आमच्या माणसाची पुस्तकं थेट माँट्रियलला छापली जात. अर्ध्या गावाला ती वाचता येत नव्हती. अभिमान मात्र अख्ख्या गावाला होता.

डॉक्टर शनिवारी सकाळी लिहायचे. म्हणून शनिवारी चर्चची बाराची घंटा होईपर्यंत त्यांना कुणी हाक मारायची नाही, असा नियम होता. तो त्यांनी केला नव्हता, आम्ही केला होता. टेलिफोन जोडणारी झेलिका त्यांच्या घरचा फोन लावूनच द्यायची नाही. “कुणी मरतंय का? नाही ना? मग बारानंतर.” त्यांच्या घरापाशी पोरं सायकलवरून उतरून चालत जायची. इतकं प्रेम होतं आमचं.

त्रेसष्टच्या जूनमधल्या एका शनिवारी, सकाळी सहाला, आझिल्दाच्या लिऑनीचं पोट दुखायला लागलं. सोळा वर्षांची होती. फिदेल, तिचा बाप, होडी घेऊन लॉबस्टरचे पिंजरे उचलायला गेलेला. मी शेजारची, धावत आले. आझिल्दा डॉक्टरांकडे निघाली होती. तिला थांबवणारी मी. हे आम्हा दोघींनाच माहीत आहे, आणि अकरा वर्षांत दोघींनीही तो विषय काढलेला नाही.

अकराला कळ एकदम थांबली. “बरं वाटतंय, आई,” लिऑनी म्हणाली. आम्ही दोघी चक्क हसलो. मी चहा टाकला. अपेंडिक्स फुटलं की कळ अशी थांबते, हे मला नंतर एका पुस्तकात वाचायला मिळालं. घंटा झाली तेव्हा तिचं अंग भट्टीसारखं तापलं होतं. डॉक्टर ताटावरून उठून आले, दोनला त्यांनी पोट उघडलं. मंगळवारी ती गेली.

ऑपरेशनच्या आधी इस्पितळाच्या व्हरांड्यात त्यांनी विचारलं होतं, “दुखायला कधी लागलं?”

आझिल्दानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “अकराला.”

त्यांनी तसं लिहून घेतलं.

त्या उन्हाळ्यापासून डॉक्टर शनिवारी लिहिनासे झाले. सकाळी सहाला घरासमोरच्या ओट्यावर खुर्ची टाकून, मागचं दार सताड उघडं ठेवून, रस्त्याकडे बघत बसायचे. आम्ही काय म्हणावं? “नव्या कादंबरीचा विचार चाललाय.” आणि आम्ही आणखी हळू चालायला लागलो.

गेल्या महिन्यात ते वाचनालयाचे जिने उतरून खाली आले. आता थकलेत, कठड्याला धरून उतरतात. नवीन पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाले, “फेर्नांद, हे आझिल्दाला वाचून दाखव. सगळं.”

“कधी गाळलंय का मी?”

“म्हणूनच तुला सांगतोय.”

मी ते आधी एकटीनं वाचून काढलं. गावातल्या वाचता येणाऱ्यांनीही काढलं. त्यानंतर ब्रेडच्या दुकानात आझिल्दा आली की बायका हवेबद्दल बोलायला लागत. नववं प्रकरण आज ना उद्या येणार होतं. ते वाचलं तर आझिल्दाला मी गमावणार, आणि गाळलं तर तिला तोंड दाखवायच्या लायकीची मी उरणार नाही. तीन आठवडे मी हेच घोळवत होते.

ते आज आलं. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचले आणि मी हळूच पानं उलटली.

“दोन उलटलीस,” आझिल्दा म्हणाली.

“चिकटली होती.”

“वाचता येत नाही मला, ऐकू येतं. मागं जा.”

मी मागं गेले. वाचलं.

सकाळी सहा. एक सर्जन टेबलाशी लिहीत बसलाय. दारावर थाप पडते. एक बाई, एकाच पायात बूट, दोन्ही मुठींनी दार बडवतेय. सर्जन वाक्य अर्ध्यात टाकून उठतो. पोट वेळेवर उघडलं जातं. आठवड्यानं ती पोर घरी जाते, आणि सर्जन त्या अर्ध्या वाक्याशी परत येतो, तेव्हा त्याला ते काय होतं ते आठवतच नाही. तो खो खो हसतो.

मध्ये एक ओळ होती: “घरची माणसं खोटं सांगतात, उघडलेलं पोट सांगत नाही.” म्हणजे त्या दिवशी दोनलाच त्यांना कळलं होतं. अकरा लिहून घेतलं, आणि अकरा वर्षं आम्हाला तसंच राहू दिलं.

आझिल्दाची किसणी केव्हाच थांबली होती. किसलेल्या बटाट्याला काळपट पाणी सुटलेलं. ते फडक्यात पिळायला हवं होतं, पण ती नुसती बघत राहिली.

“पोर घरी जाते?” तिनं विचारलं.

“जाते.”

“पुढे? लग्नबिग्न?”

“ते नाही लिहिलं.”

“लिहायचं होतं की. दोन ओळी काय जड होत्या?” तिनं ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. “चांगली बाई आहे ती. एका बुटावर गेली बघ. डॉक्टरांनी बरोबर लिहिलंय. आई म्हणजे अशी पाहिजे. मी बसून राहिले. डोक्याशी बसून गार फडकी बदलत राहिले. माझ्या पोरीला मीच—”

“आझिल्दा.”

“नाही, बोलू दे. अकरा वर्षं मी देवाला विचारतेय, माझे पाय का उचलले नाहीत?”

मी पुस्तक मिटलं.

“उचलले होते,” मी म्हटलं. “तुलाही माहीत आहे. तू दाराबाहेर पडली होतीस. पायरीवरून तुला दंडाला धरून आत ओढलं ते मी. म्हटलं, त्यांचं पान पुरं होऊ दे. लिऑनीला तू नाही घालवलंस, आझिल्दा. मी घालवलं.”